हाइके कामर्लिंग ओनेस
हाइके कामर्लिंग ओनेस (२१ सप्टेंबर, इ.स. १८५३:ग्रोनिंगन, नेदरलँड्स - २१ फेब्रुवारी, इ.स. १९२६:लायडेन, नेदरलँड्स) हे डच भौतिकशास्त्रज्ञ व लायडेन विद्यापीठातील प्राध्यापक होते. इ.स. १९०८ मध्ये त्यांनी हेलियमचे प्रथमच द्रवीकरण केले. इ.स. १९११ मध्ये सुमारे ४.२ केल्विन तापमानाला पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा होत असल्याचे त्यांना आढळले. हीच अतिसंवाहकता होय. इ.स. १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अतिसंवाहक तारेच्या वेटोळ्यांपासून प्रबळ चुंबक घडविण्याचा त्यांचा मानस होता. परंतु अल्प चुंबकीय क्षेत्रातच शिशाची अतिसंवाहकता लोप पावत असल्याने तो त्यांच्या हयातीत सिद्धीस गेला नाही. पुढे नायोबियम-टायटॅनियमसारख्या मिश्रधातूंमुळे असे चुंबक शक्य झाले. सर्न येथील सीएमएस चुंबकाच्या वाहकात या तारांभोवतीच्या शुद्ध ॲल्युमिनियमला बळकटीसाठी ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूच्या पट्ट्या इलेक्ट्रॉन शलाकेच्या साहाय्याने सांधल्या आहेत.