सावळाराम लक्ष्मण हळदणकर

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२ – १९६८) हे जलरंगावरील प्रभुत्वासाठी ख्यातकीर्त असलेले मराठी चित्रकार व कलाशिक्षक होते. हाती दीप घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र घरोघरी पोहोचले. चित्रकाराचे नाव मात्र त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे.

जीवन

हळदणकरांचा जन्म सावंतवाडी येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतल्यावर त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतच स्वतःची कलासंस्था सुरू केली. ती हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या १९१८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होते. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ ब्रिटिश आर्टिस्ट्स या संस्थेच्या प्रदर्शनातही त्यांची चित्रे मांडली गेली. व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे हे त्यांचे आवडीचे विषय. त्यांचे पुत्र गजानन हळदणकर हेही चित्रकार होते.

दीपधारिणी

'ग्लो ऑफ होप' या इंग्रजी नावाने प्रसिद्ध असलेले हे चित्र १९४५–४६ च्या सुमाराचे आहे. चित्रातील स्त्री म्हणजे हळदणकरांची कन्या गीता. दिवाळीच्या दिवसांत हाती दिवा घेतलेली मुलगी पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. जांभळट साडी नेसलेली ही पूर्णाकृती अंधारात उभी आहे. एका हातात दीप आहे आणि वाऱ्यापासून ज्योत राखण्यासाठी दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे. त्या आडोशामुळे ज्योत दिसतच नाही. दिसतात ती उजेडाने आतून तांबूस झालेली बोटे, उजळलेला चेहरा आणि मागे पडलेली सावली. प्रकाशाचा उगम झाकून प्रकाश दाखवणे ही या चित्राची खरी करामत होय.

चित्र पाहणारे बहुतेक जण ते तैलचित्रच समजतात. वस्तुतः ते जलरंगातील आहे. तैलरंगात चुकलेला भाग वरून रंग देऊन झाकता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. उजेडाची जागा म्हणजे कागदाचा मूळ पांढरेपणा, आणि तो एकदा गेला की परत येत नाही. एवढा गडद काळोख रंगवूनही हातावरचा उजेड मळू न देणे किती अवघड असेल, हे ज्याने शाळेत जलरंग हाताळला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील श्री जयचामराजेंद्र कलादालनात आहे.

कर्तृत्वाविषयीचा गैरसमज

राजा रविवर्मा यांची अनेक चित्रे याच कलादालनात असल्याने असेल, पण दिनदर्शिकांपासून समाजमाध्यमांपर्यंत हे चित्र वर्षानुवर्षे त्यांच्याच नावावर खपवले गेले. यासाठी कलासमीक्षकाची गरज नाही, साधी वजाबाकी पुरते. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. गीता उपळेकर २०१८ मध्ये कोल्हापूर येथे वारल्या, तेव्हा त्यांचे वय १०२ वर्षे होते. म्हणजे रविवर्म्यांच्या निधनानंतर सुमारे १० वर्षांनी त्या जन्मल्या. शंभरी ओलांडलेल्या या चित्रकन्येची वृत्तपत्रांनी उतारवयात दखल घेतली, आणि चित्राखाली हळदणकरांचे नाव पुन्हा छापले जाऊ लागले.