जुगाराचे व्यसन आणि डॉ. अनिता अवचट

कळव्यातल्या माझ्या दवाखान्यात झोप नाही, ॲसिडिटी वाढली, छातीत धडधडते अशा तक्रारी घेऊन तरुण येतात. तपासण्या नॉर्मल निघतात. दोन-तीन भेटींनंतर, बायको किंवा आई बाहेर बसलेली असताना, मोबाईलवरचा जुगार आणि डोक्यावरचे कर्ज बाहेर येते. दारूचा वास येतो, जुगाराचा येत नाही. तुमच्या घरात असे काही चालले असेल, तर एका डॉक्टरबाईंची ओळख करून देतो.

अनिल अवचट यांची पुस्तके तुम्ही वाचली असतील, तर ‘सुनंदा’ तुम्हाला ठाऊक असेल. त्याच डॉ. अनिता अवचट. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९८०च्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, शहरांत पसरली. अवचटांनी त्यावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. अनिताताईंनी ते चालवले.

गर्दुल्ला म्हणजे खोटारडा, चोर, असाच तेव्हा समज होता. खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांमध्येही तो होता. मुक्तांगणात मात्र व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे तिथली कार्यकर्ती आणि समुपदेशक झाली. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला. याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. पगाराच्या दिवशी मनात काय होते, घरी कोणती थाप मारली जाते, हे मला पुस्तकातून कळते. ते भोगलेल्या माणसापुढे थाप टिकत नाही, आणि लाजही कमी वाटते.

मुक्तांगणाची सुरुवात गर्दसाठी झाली, जुगारासाठी नव्हे. पण हीच वाट जुगारातही चालते. अमेरिकेत १९५७ साली जुगार सोडू पाहणाऱ्यांनी स्वतःचाच ‘गॅम्बलर्स ॲनॉनिमस’ हा गट काढला. २०१३ पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणातही जुगाराचा विकार व्यसनांच्याच प्रकरणात आहे. आपल्याकडे २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. पण ज्याला तलफ आहे तो दुसरी वाट शोधतो, हे दारूबंदीत आपण पाहिले आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. बरा झालेला माणूस फक्त भाषणापुरता स्टेजवर उभा करू नये. त्याला प्रशिक्षण हवे, कामाचा मोबदला हवा आणि घसरण्याची भीती वाटली तर बोलायला कोणीतरी हवे. जुन्या आठवणी उगाळताना तलफ परत येऊ शकते.

अनिताताईंना पुढे कर्करोग झाला. आजारपणातही त्या काम करत राहिल्या आणि १९९७ मध्ये गेल्या. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी मुक्तांगण पुढे चालवले.

आता तुमच्या घराकडे येऊ. कर्ज गुपचूप फेडून विषय मिटवू नका; त्याच पैशांचा पुन्हा डाव लागतो. व्यवहार काही काळ घरातल्या दुसऱ्याकडे असू द्या. डॉक्टरांना भेटाल तेव्हा स्वमदत गटाची चौकशी जरूर करा. आणि जगण्यात अर्थ नाही, असे तो बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येते.