पन्नास सह्यांचे मुखत्यारपत्र

वकिली आणि व्यापार करून राजकारणात शिरलेली माणसे आज दुर्मीळ नाहीत. परंतु राजकारणात घातलेला पैसा दुपटीने वसूल करण्याची रीत इतकी रूढ झाली आहे, की नेमके उलट वागलेल्या गणेश वासुदेव जोशी यांचे चरित्र पुन्हा सांगणे अगत्याचे ठरते.

साताऱ्यात १८२८ साली जन्मलेल्या जोशींनी प्रथम सरकारी कचेरीत कारकुनी केली. पुढे परीक्षा देऊन ते पुण्यात वकील झाले. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा जन्मास आली. तिचा भार त्यांनी वाहिला आणि लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. सभासद होऊ इच्छिणाऱ्यास निदान पन्नास प्रौढांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सामान्य रयतेला मताधिकार नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे. अशिलाच्या संमतीवाचून वकिलाने बोलू नये, हा कचेरीतला नियम सभेने सार्वजनिक जीवनाला लावला.

आपला कापूस स्वस्तात परदेशी जातो, त्याचेच कापड महाग होऊन परत येते आणि विणकर उपाशी मरतो, हे काकांनी ओळखले. १८७२ साली त्यांनी स्वदेशीची शपथ घेतली आणि पदरमोड करून देशी मालाची दुकाने काढली. महादेव गोविंद रानडे यांनी स्वदेशीला अर्थशास्त्र दिले. काकांनी तिला दुकान दिले. १८७७ च्या दिल्ली दरबारात ते सभेचे प्रतिनिधी म्हणून खादीच्या वेषात गेले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेण्यास इतर कचरत असता काका पुढे झाले. पुढच्याच वर्षी, २५ जुलै १८८० रोजी, त्यांचे निधन झाले.

दुकाने वाढली नाहीत. भांडवल तोकडे होते आणि स्पर्धा विषम. म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. काकांच्या काळी हिंगोली निजामी राज्यात होती. राज्य बदलले, व्यवहार फारसा बदलला नाही. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात येणारी हळद बव्हंशी कच्चीच बाहेर जाते. तिच्या भुकटीवरचा नफा दुसऱ्याच्या पदरात पडतो. या शेतकऱ्यांच्या वतीने बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी किती जण पन्नास उत्पादकांच्या सह्या आणि स्वतःच्या खर्चाचा हिशेब समोर ठेवू शकतील, हे मतदाराने एकदा विचारून पाहावे.