इंग्रिड बर्गमन : प्रेम आणि संशय

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र असते. यंदा मी एका परदेशी नटीचे चरित्र लिहायला घेतले हे कळल्यावर काही भगिनींनी भुवया चढवल्या. नटीच्या आयुष्यात घेण्यासारखे ते काय असणार, असे एकीने मला तोंडावर विचारलेही. मी सातवी शिकलेली बाई. मोठे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. पण गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीने इंग्रिड बर्गमनचे दोन जुने बोलपट मला दाखवले आणि शेजारी बसून त्यांचा अर्थ सांगितला. तेव्हापासून या बाईची हकीकत जेथून मिळेल तेथून मी मिळवली. काही स्वतः वाचली, काही मुलीकडून वाचून घेतली. ती येथे देत आहे. पटली नाही तर पान उलटावे.

इंग्रिडचा जन्म २९ ऑगस्ट १९१५ रोजी स्वीडन देशात स्टॉकहोम शहरी झाला. वडील युस्टुस यांचे छायाचित्रांचे दुकान होते. आई जर्मन होती. इंग्रिड तीन वर्षांचीही नव्हती तेव्हा आई वारली. वडिलांना नव्या यंत्रांची हौस होती. त्या काळात त्यांनी लेकीची हलती चित्रे घेऊन ठेवली होती आणि ती आजही शिल्लक आहेत. त्यातल्या एका चित्रात एवढीशी मुलगी आईच्या थडग्यावर फुले ठेवते आहे. पुढे १९२९ मध्ये वडीलही गेले. मग आत्याने सांभाळले, तर सहा महिन्यांत आत्याही गेली. शेवटी चुलत्याच्या भरल्या घरात, पाच चुलत भावंडांत ही पोर वाढली. अशी मुले एक तर फार बोलकी होतात, नाही तर अगदी गप्प. इंग्रिड लोकांत गप्प आणि लाजाळू, पण नाटकातले बोलायला उभी राहिली की निराळीच. १९३३ मध्ये तिने स्टॉकहोमच्या राजनाट्यगृहाच्या शाळेत प्रवेश मिळवला. तेथे एक वर्ष काढले आणि चित्रपटांत गेली.

१९३७ मध्ये तिने पेटर लिंडस्ट्रॉम नावाच्या दातांच्या डॉक्टरांशी लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगी झाली. तिचे नाव पिया. हे नाव लक्षात ठेवा.

१९३९ मध्ये अमेरिकेहून बोलावणे आले. तेथल्या बड्या निर्मात्याने तिला नाव बदलायला, भुवया कोरायला आणि दात नीट करून घ्यायला सांगितले. तिने तिन्हींना नकार दिला. आहे तशीच पडद्यावर आले तर येईन, नाही तर आगगाडीने घरी परत जाईन, असा तिचा पवित्रा होता. निर्माताही हुशार. नैसर्गिक चेहऱ्याची नटी म्हणून त्याने तिचीच जाहिरात केली. १९४२ चा ‘कॅसाब्लांका’ जगभर गाजला.

आता मी पाहिलेल्या दोन बोलपटांविषयी लिहिते. त्यांच्यामुळेच हा लेख लिहिते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीन.

पहिला ‘गॅसलाइट’, १९४४ सालचा. पॉला नावाच्या मुलीचा सांभाळ करणारी मावशी प्रसिद्ध गायिका. तिचा लंडनच्या राहत्या घरात खून होतो आणि खुनी सापडत नाही. पुढे इटलीत गाणे शिकताना पॉला एका पियानो वाजवणाऱ्याच्या प्रेमात पडते आणि दोन आठवड्यांच्या ओळखीत लग्न करते. नवरा तिला त्याच घरात राहायला आणतो. मग वस्तू हरवू लागतात. नवऱ्याने दिलेले पदकाचे पिन पिशवीतून जाते. भिंतीवरची तसबीर नाहीशी होते. प्रत्येक वेळी नवरा अगदी गोड आवाजात सांगतो की हे तूच केलेस, तुला आठवत नाही. तो मारत नाही, ओरडतही नाही. चार लोकांत गाणे ऐकायला नेतो आणि स्वतःचे हरवलेले घड्याळ तिच्याच पिशवीतून काढून दाखवतो. ती तेथेच रडू लागते. रात्री तो कामाला म्हणून बाहेर पडला की घरातले गॅसचे दिवे मंद होतात आणि माळ्यावर पावले वाजतात. बाई समजते की आपल्यालाच वेड लागले.

हे दिवे मंद का होतात ते मुलीने मला समजावले. गॅस एकाच नळीतून सगळ्या घरात जातो. एका जागी नवा दिवा लावला की दुसरीकडचा कमी होतो. आपल्याकडे वरच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की खालची धार बारीक होते, तसेच. म्हणजे नवरा घराबाहेर गेलेलाच नसतो. तो मागच्या वाटेने माळ्यावर जाऊन मावशीचे जडजवाहीर शोधत असतो, कारण खून त्यानेच केलेला असतो. एक पोलीस अधिकारी घरी येतो. दिवा मंद झालेला त्यालाही दिसतो. आपल्याला दिसते ते दुसऱ्यालाही दिसते, एवढेच कळल्यावर त्या बाईच्या चेहऱ्यावर जे येते ते मी विसरू शकत नाही. शेवटी नवरा खुर्चीला बांधलेला असतो आणि सोडवण्यासाठी तिला गळ घालतो. तेव्हा ती सुरी हातात घेऊन त्याला ऐकवते की मी तर वेडी, माझ्या हातून वस्तू हरवतात, वेडी बाई कशी मदत करणार? या कामाबद्दल इंग्रिडला पहिले ऑस्कर पारितोषिक मिळाले. या कामासाठी ती वेड्यांच्या रुग्णालयात जाऊन एका रोगी बाईला न्याहाळत बसली होती, असे वाचले. बाईला तिच्याच डोक्याविषयी शंका यायला लावणे याला आता इंग्रजीत या बोलपटावरूनच शब्द पडला आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. आपल्याकडे त्याला शब्द नाही, पण प्रकार माहीत नाही असे घर शोधावे लागेल.

दुसरा ‘नटोरिअस’, १९४६ चा. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक. नावाचा अर्थ बदनाम. यातली अलिशिया ही जर्मन हेराची मुलगी. बापाला शिक्षा झालेली, ती स्वतः दारूत बुडालेली. सरकारचा गुप्तहेर डेव्हलिन तिला हेरगिरीच्या कामासाठी ब्राझीलला नेतो. हे काम केरी ग्रँटने केले आहे. दोघांचे प्रेम जडते. तेवढ्यात वरून हुकूम येतो की बापाचा जुना मित्र सेबास्टियन याच्याशी तिने सलगी वाढवावी. येथे मला हिचकॉकचे कौतुक वाटते. डेव्हलिनने नको म्हणावे म्हणून ती त्याच्या तोंडाकडे पाहते. ती आपणहून नको म्हणते की नाही हे पाहत तो गप्प राहतो. तिचे पूर्वीचे वागणे त्याच्या मनात डाचत असते. एक शब्द बोलला असता तर पुढचे काहीच घडले नसते. पण तो संशय धरून बसतो आणि ती रागाने दुसऱ्याशी लग्न करून त्याच्या घरात शिरते. मग तळघराची किल्ली ती चोरते. मेजवानीच्या रात्री ती दिवाणखान्यात उभी असते आणि कॅमेरा उंचावरून खाली येत येत तिच्या मुठीतल्या किल्लीपर्यंत पोहोचतो. दारूच्या बाटल्यांत दारू नसते, युरेनियमची माती असते. नवऱ्याला ते कळते आणि तो आपल्या आईच्या सल्ल्याने रोज कॉफीतून बायकोला थोडे थोडे विष देऊ लागतो. ती फिकट पडत जाते आणि डेव्हलिनला वाटते की ही पुन्हा दारू पिऊ लागली! शेवटी तो तिला त्या घराच्या जिन्यावरून आधार देत खाली आणतो. सगळे शत्रू खाली उभे असतात, पण कोणी काही करू शकत नाही. तो जिना उतरायला किती वेळ लागला कोण जाणे, मी श्वास धरून बसले होते. यात एक लांबलचक चुंबनाचाही प्रसंग आहे. त्याविषयी येथे लिहीत नाही.

या दोन्हींत प्रेक्षक बाईच्या बाजूने असतात, कारण खरे काय ते त्यांना दाखवलेले असते. त्याच प्रेक्षकांनी पुढे इंग्रिडचे काय केले ते आता पाहावे.

१९४५ मध्ये ती पडद्यावर जोगीण झाली होती, १९४८ मध्ये संत जोन. अमेरिकेतल्या भाबड्या लोकांनी तिला खरोखरीच साध्वी समजून घेतले. १९४८ मध्येच तिने रोबेर्तो रोसेलिनी या इटालियन दिग्दर्शकाला पत्र पाठवून त्याच्या चित्रपटात काम करायची इच्छा कळवली. १९४९ मध्ये ती ज्वालामुखीच्या स्ट्रॉम्बोली बेटावर त्याचा चित्रपट करायला गेली आणि परत आलीच नाही. घटस्फोट होण्यापूर्वीच, २ फेब्रुवारी १९५० रोजी तिला रोमला मुलगा झाला. झाले! जेथे तेथे तिच्या चित्रपटांवर बहिष्काराची भाषा सुरू झाली. शिव्यांची पत्रे आली. १४ मार्च रोजी एडविन जॉन्सन नावाच्या सभासदाने अमेरिकेच्या सेनेटमध्ये उभे राहून तिला दुराचारी ठरवले. युद्धातून पुरते न सावरलेल्या जगात त्या थोर सभेला एका बाळंतिणीची चर्चा करायला वेळ मिळाला. त्याच मे महिन्यात तिने रोसेलिनीशी लग्न केले. १९५२ मध्ये इझाबेला आणि इझोटा या जुळ्या मुली झाल्या.

लोकांनी दगड मारले ते मला पटत नाही. त्यांचे तिने काही घेतले नव्हते. पण पिया? ती तेव्हा दहा वर्षांची होती. ती वडिलांकडे अमेरिकेत राहिली आणि आईच्या बातम्या तिला वर्तमानपत्रांतून कळल्या. १९५२ मध्ये न्यायालयात त्या मुलीने आईकडे इटलीला जायची इच्छा नसल्याचे सांगितले आणि न्यायाधीशांनी तसाच निकाल दिला. १९५१ मध्ये काही दिवस भेट झाली होती, त्यानंतर मायलेकी एकदम १९५७ मध्ये भेटल्या. पुढे पुढे त्यांचे जुळले हे खरे. पण मधली सहा वर्षे कोणी परत दिली नाहीत. एक आई म्हणून मी या बाबतीत इंग्रिडला सोडवू शकत नाही, आणि स्वतः आईविना वाढलेल्या बाईने हे कसे केले हेही मला उमगत नाही. मात्र हा हिशेब पियाचा. सेनेटचा नव्हे.

रोसेलिनीबरोबर केलेले चित्रपट तेव्हा चालले नाहीत. जाणकार आज त्यांची स्तुती करतात, पण त्या वेळी घरात पैशाची ओढाताण होती. १९५६ मध्ये ‘अनास्तासिया’ने तिचे दैव पालटले. त्याला दुसरे ऑस्कर मिळाले आणि तिच्या वतीने ते केरी ग्रँटने घेतले. त्याच सुमारास रोसेलिनी चित्रपट काढायला आपल्या देशात आला होता. येथे एका विवाहित बंगाली बाईशी त्याचे सूत जुळले आणि १९५७ मध्ये आपली वर्तमानपत्रे त्याच विषयाने भरली. सात वर्षांपूर्वी अमेरिकेत जे इंग्रिडला ऐकावे लागले तेच आता या बाईला आपल्याकडे. दोन्ही वेळा पुरुष एकच होता, पण बोल बायकांनाच अधिक लागले. इंग्रिड त्या वेळी पॅरिसमध्ये नाटकात काम करत होती. त्याच वर्षी तिचा आणि रोसेलिनीचा संसार संपला. १९५८ मध्ये तिने लार्स श्मिट या स्वीडिश नाट्यनिर्मात्याशी तिसरे लग्न केले. तेही १९७५ मध्ये सुटले. यावर काय लिहावे ते सुचत नाही, पुढे जाते.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. इझाबेला लहान असताना तिच्या पाठीचा कणा वाकू लागला. ताण देणे, अंगभर प्लास्टर, मग शस्त्रक्रिया, असे लांबलेले दुखणे. इंग्रिडने कामे बाजूला ठेवली आणि ती लेकीच्या उशाशी बसली. लोकांनी ज्या बाईला बेजबाबदार आई ठरवले तिचाच हाही भाग आहे.

१९७२ मध्ये इलिनॉयचे सेनेटर चार्ल्स पर्सी यांनी त्याच सेनेटमध्ये तिच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल दिलगिरी नोंदवली. बावीस वर्षांनी! पुढे ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’साठी तिसरे ऑस्कर मिळाले, तेव्हा व्यासपीठावर तिने हे पारितोषिक दुसऱ्याच एका नटीला मिळायला हवे होते असे सांगून टाकले.

१९७३ मध्ये लंडनला नाटक चालू असताना छातीत गाठ हाताला लागली. डॉक्टरांकडे लगेच जायचे सोडून बाई नाटक आणि चित्रपट पुरे करत बसली. शस्त्रक्रिया झाली ती १९७४ मध्ये. हे वाचताना मला तिचा फार राग आला. आपल्यातल्याही कितीजणी सण उरकू दे, लग्न उरकू दे, म्हणत दुखणे अंगावर काढतात!

१९७८ मध्ये ‘ऑटम सोनाटा’ आला. कलेपायी मुलीला दुरावलेली आई आणि तिला जाब विचारणारी मुलगी, अशी ती कथा. कोणती आई सात वर्षे मुलीला भेटत नाही, म्हणून ती चित्रीकरणाच्या वेळी दिग्दर्शकाशी भांडली होती म्हणे. तिने हे म्हणावे! पण काम असे केले की पाहणारे थक्क झाले. शेवटचे काम गोल्डा मेयर यांच्या जीवनावरचे. आजाराने एक हात सुजून जड झाला होता. तो रात्रभर उंच टांगून ठेवून ती सकाळी चित्रीकरणाला उभी राहत असे.

२९ ऑगस्ट १९८२ रोजी, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, लंडन येथे तिने प्राण सोडला. रक्षा स्वीडनच्या किनाऱ्यावरच्या समुद्रात सोडली, आणि काही भाग स्टॉकहोमला आईवडिलांच्या थडग्यापाशी ठेवला. पुढच्याच महिन्यात गोल्डा मेयरच्या भूमिकेबद्दल तिला एमी हे मोठे पारितोषिक जाहीर झाले. ते घ्यायला पिया गेली होती.