प्रोफेसर फ्रँक पार्सन्स

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं, दर वर्षीं कित्येक पालक आम्हांस भेटावयास येतात. मुलगा उत्तीर्ण झाला याचा आनंद त्यांच्या मुखावर दिसतो; परंतु त्या आनंदाच्या पाठीमागें काळजीही उभी असते. आतां पुढें काय? कोणी शेजाऱ्याचा मुलगा डॉक्टर झाला म्हणून आपल्या मुलास त्याच वाटेनें पाठवितो. कोणी केवळ गुणांचा आंकडा पाहून शाखा ठरवितो. आणि ज्याच्या जन्माचा हा प्रश्न, तो मुलगा मात्र खालीं मान घालून उभा असतो. हा प्रश्न आजचा नव्हे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं एका थोर गृहस्थानें तो आपला मानिला व तो सोडविण्याची रीत घालून दिली. त्यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील माणसांपुढें ठेवीत आहों.

फ्रँक पार्सन्स यांचा जन्म १८५४ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या १४ व्या तारखेस, अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत माउंट हॉली या गांवीं झाला. बुद्धि तीव्र असल्यामुळें ते लहान वयांतच कॉर्नेल विश्वविद्यालयांत दाखल झाले, आणि १८७३ सालीं, वयाचीं एकोणीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, इंजिनिअरची पदवी घेऊन बाहेर पडले. एका रेल्वे कंपनींत त्यांस कामही मिळालें. परंतु त्याच वर्षीं अमेरिकेंत मोठें आर्थिक संकट ओढवलें. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या व त्यांबरोबर ती कंपनीही बुडाली. पदवी हातांत, पण काम कोठेंच नाहीं, अशी या हुशार तरुणाची अवस्था झाली. तेव्हां लाज न बाळगितां त्यांनीं एका लोखंडाच्या कारखान्यांत मजुरी पत्करिली. घाम गाळून मिळविलेल्या भाकरीची किंमत त्यांस त्या दिवसांत कळली, आणि मजूर वर्गाविषयींचा जिव्हाळा त्यांच्या अंतःकरणांतून पुढें कधींच गेला नाहीं.

त्यानंतर मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील साउथब्रिज गांवीं ते शिक्षक झाले. त्यांचें वक्तृत्व व विचारशक्ति पाहून लोकांनीं त्यांस वकिलीची परीक्षा देण्याचा सल्ला दिला. त्या अभ्यासाचा भार त्यांनीं इतक्या घाईनें उचलला कीं, १८८१ सालीं परीक्षा तर उतरली, पण प्रकृति ढासळली. आणि न्यू मेक्सिकोच्या मोकळ्या हवेंत कांहीं वर्षें काढून त्यांस ती सुधारावी लागली. परत आल्यावर प्रत्यक्ष वकिलींत त्यांचें मन रमलें नाहीं. त्यांनीं कायद्याचीं पुस्तकें लिहिलीं, बोस्टन विश्वविद्यालयांत कायदा शिकविला, १८९५ सालीं बोस्टनच्या महापौरपदाची निवडणूक लढविली व तींत ते पराभूत झाले. पुढें कॅन्सस संस्थानांतील कृषि महाविद्यालयांत ते प्राध्यापक झाले. परंतु तेथील राजकीय पक्षांची उलथापालथ होतांच, १८९९ सालीं, त्यांस ती जागा सोडावी लागली.

वाचकहो, या चरित्राकडे वरवर पाहणाऱ्यास ही धरसोड वाटेल. इंजिनिअर, मजूर, शिक्षक, वकील, ग्रंथकार, प्राध्यापक! परंतु आम्हांस यांत निराळेंच दिसतें. आपणांस कोणतें काम साजतें हें आरंभींच कोणी नीट विचारून पाहिलें असतें, तर किती वर्षें व किती शक्ति वांचली असती, हें ज्यानें स्वतः सोसलें, त्यालाच दुसऱ्याच्या मुलाची अडचण कळली.

बोस्टन शहराच्या नॉर्थ एंड भागांत परदेशांतून आलेलीं गरीब कुटुंबें दाटीनें राहत. त्यांच्यासाठीं पॉलिन ॲगासिझ शॉ या उदार बाईंच्या आश्रयानें सिव्हिक सर्व्हिस हाऊस नांवाचें सेवागृह चालत असे. तेथें १९०५ च्या सुमारास पार्सन्स यांनीं दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठीं संध्याकाळचे वर्ग सुरू केले. हायस्कुलांतून बाहेर पडणाऱ्या मुलांशीं बोलतांना त्यांना आढळून आलें कीं, बहुतेकांनीं पुढच्या धंद्याचा विचार असा केलेलाच नाहीं. जी वाट सांपडेल तिनें ते जाणार. मनुष्य घोडा विकत घेतांना चार दिवस विचार करितो, आणि जन्माचा धंदा मात्र योगायोगावर सोपवितो, ही गोष्ट त्यांस सहन होईना. शॉबाईंच्याच द्रव्यसाहाय्यानें १९०८ सालच्या जानेवारी महिन्याच्या १३ व्या तारखेस त्यांनीं व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली.

त्यांची रीत साधी होती. प्रथम मुलानें स्वतःस ओळखावें : आपली आवड, बुद्धि, प्रकृति, स्वभाव, उणिवा व घरची परिस्थिति. दुसरें, निरनिराळ्या धंद्यांची खरी माहिती मिळवावी : त्यांत कोणते गुण लागतात, शिक्षण किती, वेतन काय, बढतीची आशा किती व अडचणी कोणत्या. तिसरें, या दोहोंचा मेळ शांत चित्तानें घालून पाहावा. यासाठीं ते मुलास प्रश्नांची लांबलचक यादी देत व तिचीं उत्तरें घरीं विचारपूर्वक लिहून आणावयास सांगत. समोर बसलेल्या मुलाचें बोलणें, हंसणें व हस्तांदोलन यांवरही त्यांची बारीक नजर असे.

एकदां एक कृश, निस्तेज व अबोल तरुण त्यांच्याकडे आला. त्यास डॉक्टर व्हावयाचें होतें. पार्सन्स यांनीं त्याचा उपहास केला नाहीं, कीं त्यास खोटी आशाही लाविली नाहीं. रोग्याचें मन जिंकण्यास काय लागतें, वैद्यकीच्या शिक्षणास काळ, पैसा व शरीरबळ किती हवें, आणि यांपैकीं आपणांपाशीं काय आहे, हें त्यांनीं त्याचें त्यालाच पाहावयास लाविलें. मोकळ्या हवेंतलें काम आपणांस अधिक मानवेल, हें मग त्याच्या ध्यानांत आलें. निर्णय मात्र ज्याचा त्यानेंच घ्यावा, सल्लागारानें तो लादूं नये, हा पार्सन्स यांचा नियम होता.

हें काम पाहण्यास ते फार दिवस राहिले नाहींत. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्याच्या २६ व्या तारखेस त्यांनीं इहलोक सोडला. त्यांचें व्यवसायाच्या निवडीवरील पुस्तक १९०९ सालीं, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालें. कचेरी त्यांच्या हातीं चालली अवघे कांहीं महिने. पण बीं पडलें तें सुपीक जमिनींत. १९१० सालीं बोस्टन येथें या विषयाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली व १९१३ सालीं अमेरिकेंत राष्ट्रीय संघ स्थापन झाला. आपल्या मुंबईंतही पारशी पंचायतीनें १९४७ सालीं अशी कचेरी काढिली, व १९५० सालीं मुंबई सरकारनें हें काम हातीं घेतलें.

शुभवर्तमानांतील तो दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परदेशीं जाणाऱ्या धन्यानें प्रत्येक चाकरास ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणें द्रव्य दिलें. सर्वांस सारखें दिलें नाहीं, पण रिकाम्या हातीं कोणासच ठेविलें नाहीं. ज्यानें आपलें द्रव्य भुईंत पुरलें, तोच दोषी ठरला. पालकहो, आपल्या मुलास देवानें काय दिलें आहे तें न पाहतां, शेजाऱ्याच्या मुलाचें माप त्यास लावणें, म्हणजे त्याचें द्रव्य आपल्याच हातांनीं पुरणें नव्हे काय? निकालाच्या दिवसापर्यंत थांबूं नका. आजच त्यास जवळ बसवा, त्याचें पुरतें ऐकून घ्या, आणि मगच आपलें सांगा. आणि बाळांनो, कागद घेऊन आपल्या आवडी, आपले गुण व आपल्या उणिवा प्रामाणिकपणें लिहून काढा. ज्या धंद्याचा विचार मनांत असेल, तो करणाऱ्या एखाद्या माणसास जाऊन भेटा. तो कागद घेऊन आमच्याकडे आलांत, तर आम्ही तुमची वाटच पाहत आहों.