तुकोबांची खतपत्रे : वसुली आणि विसर्जन

देहूच्या मोरे घराण्यात विठ्ठलाच्या पूजेबरोबरच पेठेची महाजनकी, वाण्याचा व्यापार आणि सावकारी चालत होती. बोल्होबा व कनकाई यांचे पुत्र तुकोबा याच घरात वाढले. त्यांच्या जन्मशकाविषयी मतभेद असले, तरी १६०८ हे वर्ष सामान्यतः स्वीकारले जाते. थोरले बंधू सावजी विरक्त असल्याने कोवळ्या वयातच प्रपंचाचा भार तुकोबांवर आला. माल उधारीवर द्यावा, खत लिहून घ्यावे आणि पीक हाती आले की वसुली करावी, ही गावच्या व्यापाराची रीत होती.

१६३० च्या दुष्काळाने ही रीतच मोडून पडली. पीक नाही तेथे वसुली कसली? व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, गावात पत गेली. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. पुत्र संतूही दगावला. या आपत्तीची नोंद तुकोबांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत केली आहे.

पुढील प्रसंग महिपतीच्या चरित्रलेखनातून परंपरेत रूढ झाला. भामनाथाच्या डोंगरावरील एकांतवासानंतर धाकटे बंधू कान्होबा यांच्या समवेत तुकोबा इंद्रायणीकाठी आले. लोकांकडील येण्याची खते त्यांनी मागवून घेतली, त्यांचे दोन वाटे केले, कान्होबांचा वाटा त्यांच्या स्वाधीन केला आणि स्वतःचा तेवढा डोहात बुडविला.

या प्रसंगाकडे केवळ वैराग्याची खूण म्हणून पाहणे अपुरे ठरते. खत नष्ट झाले की धनकोचा दावा सांगण्याचा आधारच संपतो. वसुली लांबणीवर टाकणे आणि तिचा हक्क सोडणे या भिन्न गोष्टी आहेत. तुकोबांनी दुसरी केली, परंतु भावाच्या हक्काला हात लावला नाही. त्यागातही त्यांनी व्यवहाराचा विवेक सांभाळला. दिवाळखोरीची मानहानी भोगलेला हा धनको ऋणकोच्या जागी स्वतः उभा राहिलेला होता, हेही येथे ध्यानी घ्यावे लागते.

याच इंद्रायणीत पुढे अभंगांच्या वह्याही बुडविल्या गेल्या. त्या तरल्या, असे परंपरा मानते. खतपत्रे मात्र तरली नाहीत, आणि ती तरावीत अशी तुकोबांची इच्छाही नव्हती.