सॉलिड अ‍ॅक्सल की इंडिपेंडंट सस्पेन्शन? जीपवाल्या बार्नी रूसने दोन्ही का निवडले

थार घ्यायची, जिम्नी की गुरखा, हा प्रश्न आमच्या खेडमध्ये दर गणपतीला कोणीतरी काढतंच. मग यूट्यूबचे रिव्ह्यू लागतात आणि वाद पुढच्या सस्पेन्शनवर येऊन अडकतो. एक म्हणतो, सॉलिड अ‍ॅक्सल नाही तर ऑफ-रोड नाही. दुसरा म्हणतो, तो जमाना गेला. प्रश्न दहा-पंधरा लाखांचा असतो, म्हणून नीट समजून घेऊया. आणि त्यासाठी एका इंजिनिअरचं आयुष्य बघूया, ज्याने दोन्ही प्रकारच्या गाड्या बनवल्या.

आधी फरक समजून घ्या

सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये पुढची दोन्ही चाकं एकाच दणकट पोलादी नळीने जोडलेली असतात. खांद्यावरची कावड आठवा. एक टोक वर गेलं की दुसरं खाली जातं. एक चाक दगडावर चढलं की दुसरं जमिनीकडे दाबलं जातं, म्हणून पकड टिकते.

इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर वेगळं हलतं. एका चाकाचा धक्का दुसऱ्याला लागत नाही. स्प्रिंगखाली हलणारं वजन कमी, त्यामुळे वेगात गाडी शांत आणि स्टिअरिंग नेमकं.

आता बार्नी रूसकडे येऊया.

रेसिंगवाल्याचं टोपणनाव

डेल्मर रूसचा जन्म १८८८ मध्ये न्यूयॉर्कचा. कॉर्नेल विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकला, तिथे तलवारबाजीही गाजवली. बार्नी ओल्डफील्ड या त्या काळच्या प्रसिद्ध रेसिंग ड्रायव्हरवरून त्याला बार्नी हे नाव पडलं आणि तेच राहिलं.

लोकोमोबाइल, पिअर्स-अ‍ॅरो, मार्मन अशा कंपन्या करत तो १९२६ मध्ये स्टुडबेकरला गेला आणि चीफ इंजिनिअर झाला. १९३४ मध्ये तो अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संस्थेचा, एसएईचा अध्यक्ष होता. १९३५ च्या स्टुडबेकर गाड्यांत त्याचं प्लेनर सस्पेन्शन आलं. त्यात एकच लीफ स्प्रिंग आडवी बसवून तिच्या दोन टोकांवर दोन चाकं वेगवेगळी हलतील अशी रचना होती. म्हणजे जीपच्या आधी हा माणूस इंडिपेंडंट सस्पेन्शनवाला होता!

मग जीप आली

इंग्लंडमध्ये रूट्स कंपनीत काम करून १९३८ मध्ये तो टोलेडोच्या विलिज-ओव्हरलँडला आला. कंपनीची हालत बेताची होती. तिचं छोटं चार सिलिंडरचं इंजिन जेमतेम ४८ हॉर्सपॉवर द्यायचं. नवीन इंजिन बनवायला पैसे नव्हते, म्हणून रूसने तेच सुधारत ६० पर्यंत नेलं. हेच ते प्रसिद्ध गो-डेव्हिल.

१९४० मध्ये अमेरिकन सैन्याला छोटी फोर बाय फोर हवी होती. पहिली गाडी बँटम कंपनीने दिली, तिचं डिझाइन कार्ल प्रॉब्स्टचं. त्यामुळे जीपचं सगळं श्रेय रूसला देणं बरोबर नाही. विलिजची गाडी नोव्हेंबरमध्ये आली. इंजिन दमदार, पण वजन जास्त. मर्यादा होती २,१६० पौंड, म्हणजे साधारण ९८० किलो. रूसच्या टीमने एकेक भाग वजन करून हलका केला. रंगाचा थरही पातळ केला, असं सांगतात. शेवटी १९४१ मध्ये मोठी ऑर्डर विलिजला मिळाली.

बँटम, फोर्ड आणि विलिज, तिघांच्याही गाडीत पुढे सॉलिड अ‍ॅक्सलच होता. कारण सोपं आहे. पुढचं चाक वळलंही पाहिजे आणि इंजिनच्या ताकदीने फिरलंही पाहिजे. त्यासाठी खास जॉइंट लागतात. सॉलिड अ‍ॅक्सलला दोनच पुरतात, प्रत्येक चाकाजवळ एक. इंडिपेंडंटला प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांना, म्हणजे चार. लाखोंनी गाड्या बनवायच्या आणि चिखलात दुरुस्त करायच्या, तर कमी भाग कधीही बरे.

खरी गंमत युद्धानंतर

१९४६ मध्ये विलिजने स्टेशन वॅगन काढली, टू-व्हील ड्राइव्ह. तिला रूसने पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शनच दिलं, नाव प्लेनाडाइन. १९४९ मध्ये त्याच वॅगनची फोर बाय फोर आली, तेव्हा पुढे सॉलिड अ‍ॅक्सल बसला.

बॉडी तीच आणि कंपनी तीच, पण काम बदललं तसं सस्पेन्शन बदललं. मला या आयुष्यातली हीच गोष्ट सगळ्यात शिकण्यासारखी वाटते.

मुंबई कनेक्शन

युद्धकाळात के. सी. महिंद्रा भारत सरकारच्या कामासाठी अमेरिकेत होते. तिथे त्यांची रूसशी भेट झाली आणि जीप भारतात आणायची कल्पना सुचली, असं महिंद्राच्या इतिहासात सांगितलं जातं. १९४५ मध्ये कंपनी सुरू झाली, आणि १९४० च्या दशकाच्या शेवटी माझगावला विलिज जीपची जुळणी होऊ लागली. कोकणात पुढे कित्येक वर्षं धावलेल्या जुन्या महिंद्रा जीप लीफ स्प्रिंगवरच्या सॉलिड अ‍ॅक्सलच्याच. रूस १९६० मध्ये गेला.

मग आपण काय घ्यायचं?

आजच्या थारमध्ये पुढे इंडिपेंडंट आणि मागे सॉलिड अ‍ॅक्सल आहे. जिम्नी आणि गुरखामध्ये पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल, पण कॉइल स्प्रिंगवर.

एक मुद्दा रिव्ह्यूमध्ये बऱ्याचदा सुटतो. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शिअल चाकांसोबतच वर-खाली होतं, म्हणून त्याच्याखालची जागा बदलत नाही. इंडिपेंडंटमध्ये ते चासीला बसवलेलं असतं. उभ्या गाडीत उंच दिसतं, पण लोड भरला किंवा गाडी खड्ड्यात आदळली की बॉडीसोबत खाली येतं.

आता स्वतःचे किलोमीटर मोजा. महिन्यातून बहुतेक फेऱ्या मुंबई-गोवा हायवेने, कशेडीच्या बोगद्यातून, घरच्यांना घेऊन होत असतील, तर इंडिपेंडंट घ्या. जांभ्याच्या खाणीकडे, ओढ्यातून, बागेच्या कच्च्या वाटेने रोज हळू जायचं असेल, तर सॉलिड अ‍ॅक्सल पैसे वसूल करेल. आणि रघुवीर घाटात दरड आली की कुठलंच सस्पेन्शन कामाचं नाही, घरी बसा!

सेकंड-हँड बघायला गेलात तर फोनचा टॉर्च लावून गाडीखालचा व्हिडिओ काढा. इंडिपेंडंटमध्ये शाफ्टच्या टोकांचे रबरी बूट फाटलेत का ते बघा, कारण चिखल आत गेला की जॉइंट संपला. सॉलिड अ‍ॅक्सलवाली हायवेवर चालवून बघा. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर जॉइंट आणि बुश झिजलेले असू शकतात. दोन्हीपैकी काहीही आढळलं, तर त्याचा खर्च आधी किमतीतून कमी करून घ्या.